हुरियाच्या बाळंतपणाची हकीकत

प्रिय हुरिया,

हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत घातली. पहिलं फारच गोडगोड झालं होतं, आणि दुसऱ्यात मी स्वतःचीच इतकी कीव केली की वाचून माझं मलाच हसू आलं. आता हे जसं होईल तसं पाकिटात घालून टाकणार आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? तिकडे ऑस्ट्रेलियात खाणीवरच्या दोनशे गड्यांचं जेवण एकीकडे ढवळतेस आणि दुसरीकडे ओरडतेस, "हां रिप, लवकर सांग, मटण करपतंय!" मला जे सांगायचंय ते मटण करपू नये अशा बेताने सांगण्यासारखं नाही. तेव्हा जेवणं आटोपल्यावर, पाय वर घेऊन, एकटीने वाच.

आधी खुशाली. आतारेताला सातवा लागला. बाळ झकास आहे, ठोके खणखणीत, आणि लाथा अशा की परवा तुझ्या जावयाच्या मांडीवरचा चहाचा कप कलंडला. पोरीला सूज नाही, रक्तदाब नाही. डुकराची हाडं नि पाला उकळून खाते आणि दर वेळी नाक मुरडून म्हणते, आईच्या हाताची चव नाही. तू पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतेयस हे ती दारात येईल त्याला सांगते. पोस्टमनलासुद्धा सांगितलंय. म्हणजे काळजीचं काही नाही. काळजीचं आहे ते माझ्याकडे.

गेल्या मंगळवारी मी खाडी ओलांडून तिच्याकडे गेले होते. तिने किटली ठेवली, बिस्किटं काढली, आणि मग बिस्किटांच्या जुन्या डब्यातून तुझी वही काढली. तुझ्या बाळंतपणाची निळी वही, सव्वीस वर्षांपूर्वीची. बाईची वही बाईच्याच घरी राहायची हा आपला नियम, तो मीच तुला शिकवला होता. पण तू ती इतकी जपशील असं वाटलं नव्हतं. आतारेताने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आंटी, मला तूच हवीस. मला तूच हातात झेललंस, माझंही तूच झेल." अगं, याहून मोठा मान सुईणीला कुठला? मी उडी मारून हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते, कळवते." पोरीचा चेहरा उतरला. वर म्हणाली, "पण मला कळा नकोत. ऑपरेशन करायचं. ते ठरवायला अठरा तारखेला शहरातल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. तू नुसती माझा हात धरून थांब."

मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "आई सांगते ना, आमच्यात शेवटी शेवटी डोकं फिरतं. सगळं छान चाललेलं असतं आणि एकदम माणूस जनावर होतं. आईचं झालं. मी तिचीच पोर. आईला तर तुझ्यासारखी सुईण मिळाली होती, दिवसभर शांत बसून राहणारी, तरी असं झालं. मग माझं काय होईल?" आणि तिने वही उघडून माझ्याच अक्षरातली ओळ मला वाचून दाखवली. दुपारी तीन वाजता पाणमोट आपोआप फुटली. हातातलं बिस्किट मी बशीत परत ठेवलं, हुरिया. पाणी प्यायले आणि पुढची फेरीबोट गाठायचं निमित्त करून निघाले.

एक सांगून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. ऑपरेशनला माझी ना नाही. तेहेतीस वर्षं मी या खाडीच्या दोन्ही काठांवर बाळंतपणं करतेय आणि मला एवढंच कळलंय की बाईला जे हवं ते तिचं तिने ठरवावं. ज्यांना घरी नहाणीघरात हवं होतं त्यांच्यासोबत मी नहाणीघरात बसले, ज्यांना शहरातलं इस्पितळ हवं होतं त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. आतारेताने नीट समजून ऑपरेशन ठरवलं तर तिच्या खाटेपाशी पहिली मी असेन. पण नीट समजून. इथेच तर घोडं पेंड खातंय.

मघाशी उठून लाकडं आत आणली. मग कुत्र्याला खायला दिलं, त्याने खाल्लेलं असताना. चार दिवस हे असंच चाललंय. हातात घेतलेलं काम पुरं होत नाही, चहा केला की थंड होतो. माझ्या पेतीचा ऑकलंडहून फोन आला तर तिने विचारलं, "मम्मी, बरं नाही का तुला?" मी तिच्यावरच खेकसले. ती बिचारी काय करणार? तिचा यात काही दोष नाही, जरी तिच्या नावाने हे सगळं सुरू झालं.

तर तो दिवस आठव. रताळी काढायचे दिवस होते. तुझ्या आईच्या घरी स्वयंपाकघरात तू टेबलावर कोपरं टेकून उभी होतीस, कळ आली की डोलायचीस, गेली की तुझ्या रेवीच्या त्या गाभण गाईची नक्कल करून आम्हाला हसवायचीस. बावीस वर्षांची होतीस. तुझी आई पाठ चोळत होती. सकाळी सहापासून मी तिथे होते आणि सगळं सावकाश पण सुरेख चाललं होतं. इतकं सुरेख बाळंतपण वर्षातून एखादं बघायला मिळतं. बाळाचे ठोके एकदाही चुकले नाहीत. घाई कुणाला म्हणून नव्हती. तुला नव्हती, बाळाला नव्हती, तुझ्या आईला तर मुळीच नव्हती, ती म्हणाली, "उद्या झालं तरी चालेल गं, भाकरी भाजून ठेवल्यात."

घाई मला होती. त्या दिवशी पेती सात वर्षांची झाली. आधीचे दोन्ही वाढदिवस मी कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणात घालवले होते आणि सकाळी निघताना ती माझ्या कोटाला लटकून म्हणाली होती, "आज नाही आलीस तर मी तुझी पोर नाही." शेवटची फेरीबोट साडेसातला. ती चुकली की खाडीला वळसा घालून दीड तास, तोवर पोर झोपलेली. त्या आठवड्यात दोन बाळंतपणं आधीच झाली होती, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होत होतं. मी बदली सुईण बोलावू शकत होते. तुला सांगू शकत होते की बाई, माझ्या लेकीचा वाढदिवस आहे, काय करू? तू मला हाकलून दिलं असतंस, केकसाठी अंडीसुद्धा बरोबर दिली असतीस. पण मी म्हणजे रिपेका! मला कधी घाई नसते अशी माझी ख्याती.

तीन वाजता मी तुला म्हटलं, "जरा तपासू का?" तू म्हणालीस, "बघ बाई, किती राहिलंय ते." तपासायला तू हो म्हणालीस. तेवढंच विचारलं होतं मी. पाणमोट फोडायचा आकडा मी आधीच पिशवीतून काढून तळहाताशी लपवला होता, म्हणजे हात चुकून लागला असंही म्हणायची सोय नाही. मी ती फोडली, हुरिया. तू दचकून म्हणालीस, "अगं, हे काय झालं?" आणि मी हसून म्हटलं, "फुटली बघ आपोआप! आता होईल लवकर." मग तुझ्या वहीत तेच लिहिलं.

पुढचा सव्वा तास तुला माहीत आहे, पण तुला वाटतं तसा नाही. तुझं डोकं फिरलं नव्हतं. ज्या कळा संध्याकाळपर्यंत पायरी पायरीने चढल्या असत्या, त्या मी एका झटक्यात तुझ्या अंगावर सोडल्या. मध्ये श्वास घ्यायलाही फट राहिली नाही. तू रेवीचा हात चावलास, आईला शिव्या दिल्यास, आणि ते जे ओरडलीस, जे आपण चौघांनीच ऐकलं आणि कधी कुणाला सांगितलं नाही, ते ओरडलीस. तुझ्या जागी कुणीही ओरडलं असतं. सव्वाचारला आतारेता झाली, तू फाटलीस, मी टाके घातले, वार तुझ्या आईच्या हवाली केली जांभळीखाली पुरायला. सगळं चापूनचोपून. निघताना तुझी आई मला दारापर्यंत सोडायला आली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मिळेल ना गं आता फेरीबोट?" एवढंच. ती वारेपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मराएवर, आपल्या कुळाच्या सभाघरात, तिच्या अंत्यविधीला मी तीन दिवस स्वयंपाकघरात भांडी घासली ती कशासाठी, ते तिला आणि मलाच ठाऊक.

मी वाढदिवसाला पोचले. केक छान झाला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

पण हे एवढंच असतं तर कदाचित मी मनाला समजावलं असतं. थकलेली बाई, चुकली, बाळ-बाळंतीण सुखरूप. याहून वाईट मी दीड महिन्याने केलं. शेवटच्या भेटीला आले तेव्हा तू आतारेताला दूध पाजत होतीस आणि खाली बघून मला विचारलंस, "रिप, मी अशी वेडीपिशी का झाले? सकाळी तर मी बरी होते." सरळ विचारलंस. दार उघडून दिलंस मला. आणि मी काय म्हटलं? "होतं गं असं, काही बायकांचं." काही बायकांचं! त्या दोन शब्दांनी मी माझं पाप उचलून तुझ्या अंगात ठेवलं. तू मान डोलावलीस. त्यानंतर रेवीला आणखी पोरं हवी होती आणि तू म्हणायचीस, "एक पुरे, मी त्या कामाची बाई नाही." माझ्यासमोर म्हणायचीस, हसत. मी पण हसायचे. नव्या मुली शिकायला आल्या की त्यांच्यापुढे मात्र मी नाकाने कांदे सोलायचे, आधी बाईला विचारा, मग हात लावा. त्या बिचाऱ्या वाक्य लिहून घ्यायच्या. लाज वाटते मला, हुरिया. नुसती वाटत नाही, चार दिवस जेवण जात नाही इतकी वाटते.

माफी मागत नाहीये. मागितली की तुला ती द्यावी लागेल, आणि तू लगेच देशील, तुला मी ओळखते. काही दिवस रागव आधी. तक्रार करायची असली तर कर. सुईणींच्या मंडळाचा पत्ता मागे लिहिलाय, काय घडलं ते मी त्यांना याच शब्दांत सांगेन.

आता खरं काम. आतारेताला हे कळल्याशिवाय अठरा तारखेला ती जे ठरवेल ते माझ्या खोटेपणावर ठरवेल. त्या दिवशी परत येताना फेरीबोटीवर तिला फोन लावायला मी नंबर काढला होता, आणि बटणावरून बोट मागे घेतलं. कारण पाप माझं असलं तरी बाळंतपण तुझं आहे. त्या खोलीतली हकीकत तुझी आहे, तू ओरडलीस ते तुझं आहे, आणि तुला न विचारता त्यातलं काही उचलून तुझ्या लेकीपुढे ठेवलं तर मी दुसऱ्यांदा तेच केल्यासारखं होईल. तेव्हा विचारते. मी तिला सांगू का? की तू सांगशील? की वही समोर घेऊन दोघी मिळून? तू जे ओरडलीस ते मात्र मी तुझ्या तोंडून आल्याशिवाय कधीच सांगणार नाही. तू नको म्हणालीस तर मी तिची सुईण होणार नाही. खाडीच्या तुमच्या बाजूला एक चांगली मुलगी आहे, तिचं नाव देईन आणि कारण सांगणार नाही. ठरवायला वेळ घे, पण अठरा तारीख ध्यानात ठेव. आणि तू काहीही ठरवलंस तरी एवढं मात्र तुझ्याजवळ राहू दे: तू भित्री नव्हतीस, तुझ्या अंगात काही कमी नव्हतं, तू ते बाळंतपण हसत पार पाडत होतीस. मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
रिपेका