योगाला जाते सांगून

तळवली,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय उन्नती,

अनेक आशीर्वाद. हरेश भावजींना नमस्कार सांग. तुम्ही कामोठ्याला सगळे बरे असाल. आम्ही इथे ठीक आहोत. यांचा गुडघा थंडीत दुखतो, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की लगेच बरा होतो. संघर्षचं लग्न तुम्ही बघितलंच, म्हणजे हॉलवर अक्षता टाकून गेलात तेवढं. सून सई गुणी आहे. मासे साफ करता येत नाहीत, बाकी सगळं येतं.

माझं पत्र बघून दचकली असशील. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचललाच असतास तर मी भाजीचे भाव विचारून ठेवून दिला असता. लिहिताना तरी पळता येत नाही.

आधी बातमी सांगते. मी नोकरीला लागले. हसू नकोस. महाप्याला एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवते. पुढे दोन लोखंडी काटे असलेली, माल उचलणारी पिवळी गाडी असते ना, तीच. एक्कावन्न वर्षांची तुझी जाऊ डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट आणि अंगात पँट घालून रोज सकाळी आठला गेटवर हजर असते. पँटचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. पहिल्या दिवशी बसमधून उतरेपर्यंत वरून साडी गुंडाळली होती.

झालं असं की सई आली आणि मला घरात काम उरलं नाही. भाडेकरूंचं संघर्ष बघतो, स्वयंपाक दोघी मिळून तासाभरात उरकतो. दुपारी मी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतल्या बायकांचे वाळत घातलेले कपडे मोजायचे. मग जून महिन्यात संघर्षच्या कंपनीत त्याची विसरलेली फाइल द्यायला गेले, तर तिथे एक पंचविशीची पोरगी ती पिवळी गाडी चालवत होती. ही मोठी खोकी तिनं अलगद उचलली, वळली आणि वरच्या फळीवर ठेवली, जसं आपण शिंक्यावर दुधाचं पातेलं ठेवायचो. मी अर्धा तास उभी राहिले. वॉचमनला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी घेऊन आला.

त्याच पोरीनं मला शिकवणाऱ्या संस्थेचा पत्ता दिला. बायकांची वेगळी बॅच होती. घरी काय सांगायचं? योगाला जाते, असं सांगितलं. दोन महिने योगाला गेले. हे एकदा म्हणाले, "योगा करून मानसं बारीक व्हतात, तुजे दंड कशे जाड व्हतान?" मी म्हटलं, नवीन प्रकारचा योगा आहे.

आमचे अभिराम सर देवरुखकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मला काकी म्हणाले, दुसऱ्या दिवशी मॅडम, आणि तिसऱ्या दिवशी मी काटे भिंतीत घातले तेव्हा "पुतळाबाई, ब्रेक!" तेच नाव टिकलं. या गाडीची मागची चाकं वळतात, त्यामुळे आपण जातो एकीकडे आणि मागचा भाग फिरतो भलतीकडे. आठवडाभर मी ड्रम पाडत होते. एकदा बाजूला जाऊन रडले. मग सर आले आणि म्हणाले, "पुतळाबाई, तुमी घाबरून दाबताय. भाकरी थापताना एवढा जोर लावता का?" तेव्हापासून हात हलका झाला. परीक्षेला अकरा जणी होतो. माझा दुसरा नंबर आला. एक्कावन्न वर्षांत माझा कशात नंबर आला नव्हता, उन्नती.

आता तो फोन. ते सांगायचं म्हणून इतकं लांबण लावलं.

ऑक्टोबरमधला रविवार होता. मी मोरीशी बसून बोंबील साफ करत होते, दोन्ही हात बुळबुळीत झालेले. माझा मोबाइल वाजला. सईनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. संस्थेनं आमची नावं ज्या गोदामाला कळवली होती, तिथली बाई बोलत होती, "पुतळा पाटील आहेत का? फोर्कलिफ्ट ऑपरेटरसाठी त्यांचं सिलेक्शन झालंय."

यांनी पेपर खाली ठेवला. "कोन पुतला? रॉंग नंबर हाय सांग."

बाईला ते ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, "त्यांना जॉइन व्हायचं नाहीये का?"

सईनं माझ्याकडे बघितलं. तिला कशाचाच पत्ता नव्हता. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि म्हणाली, "त्या माझ्या सासूबाई आहेत. जॉइन होणार आहेत. सोमवारी किती वाजता पाठवू?"

शाळेत पोर पाठवतात तसं म्हणाली. संघर्ष हसायला लागला. हे उठून उभे राहिले, "तुला काय कमी हाय या घरान? लोकं काय बोलतीन, हिरामनची बायको हमाली करते?" सई त्यांना पाणी देत म्हणाली, "पप्पा, हमाली नाही, मशीन आहे." घरात एकच गोंधळ चालला होता, आणि मी मोरीशी बसून हुंदके देत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

तुला आठवत असेल, आपल्याकडे तेव्हा ओटीवर काळा फोन होता. २००३ साल. रबाळ्याच्या औषधाच्या कंपनीत तू इंटरव्ह्यू देऊन आली होतीस. निळ्या काठाची साडी नेसून गेली होतीस. पंधरा दिवस तू फोनच्या आसपास फिरत होतीस. मग कंटाळून स्वतः चौकशीला गेलीस, तेव्हा त्यांनी सांगितलं, तुमच्या घरी फोन केला होता, घरातली बाई म्हणाली तिला नोकरी करायची नाही. जागा दुसरीला दिली.

तू आलीस ती सरळ आयसमोर उभी राहिलीस. आय म्हणाली, "मना काय ठावं नाय गो पोरी. माजे लेकरांची आन." तू मानलं नाहीस. कसं मानशील, आयच तर रोज म्हणायची की सुनांनी दुसऱ्याच्या दारात कामाला जायचं नाही. यांनीही मानलं नाही, आईवर ओरडले. महिन्याभरात तुम्ही कामोठ्याला गेलात.

मी तिथेच होते. भाकरी थापत होते. थांबलेसुद्धा नाही.

तो फोन मी घेतला होता. "त्यांना आता नोकरी करायची नाही," एवढंच बोलले आणि ठेवला. आयला काहीच माहीत नव्हतं, ती तेव्हा बाजारात गेली होती. घराची अब्रू वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मला हेवा वाटला. तू पर्स घेऊन निघशील, संध्याकाळी दमून येशील आणि सगळे तुला चहा विचारतील. आणि मी आठवी शिकलेली, त्या घरात एकटी उरेन. तू नसलीस तर मी हसणार कुणाबरोबर, हेही वाटलं. आणि झालं काय, तू नोकरीला गेली नाहीस, घरातूनच गेलीस.

आय २०१९ ला गेली. दहाव्याला तू आलीस आणि उंबऱ्याबाहेरूनच हात जोडलेस. आत आली नाहीस. त्या दिवशी मी तुला चहा दिला आणि तेव्हाही बोलले नाही. आय शेवटी शेवटी विचारायची, "उन्नती आली का गो?" मी तिची वेणी घालत असायचे.

त्या रविवारी दुपारी मी सईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझ्या पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "मम्मी, हे मला सांगून काय उपयोग? मी थोडीच तुमची जाऊ आहे!" तरी मी तीन महिने काढले. नवीन नोकरी आहे, सुट्टी मिळत नाही, अशी स्वतःलाच कारणं दिली. शेवटी गेल्या रविवारी जेवणानंतर यांना सांगितलं. हे उठून आयच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "आय मरंपरत मी तिला बोल लावला." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. चहासुद्धा सईच्या हातचा.

शुक्रवारी मी ट्रकमधला माल उतरवत होते, तर गेटवर हे. दुखऱ्या गुडघ्यावर भर देऊन वॉचमनशेजारी उभे. मी बघितलं, पण मशीन चालू होतं, हात सोडता येत नाही. पूर्ण ट्रक रिकामा करेपर्यंत हे उभे होते. मग मी खाली उतरून गेले. माझ्या हेल्मेटकडे बघत म्हणाले, "बरी चालवतेस." आणि वळता वळता, "आदी उन्नतीला सांग. हरेशला सांग. मंग माज्याशी बोल."

म्हणून हे पत्र. पण फक्त त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मी रोज सकाळी त्या गाडीवर चढते ना, तेव्हा इतका आनंद होतो की लाजच वाटते. हा आनंद तुला चोवीसाव्या वर्षी मिळणार होता. तो मी एका वाक्यात काढून घेतला. तो परत कसा करायचा, मला माहीत नाही. मला माफ कर असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं. ते मागायचं असेल तर तोंडावर मागावं.

पुढच्या रविवारी, पंचवीस तारखेला, मी कामोठ्याला येते. एकटीच येते, हे किंवा सई बरोबर नसतील, म्हणजे तुला मोकळेपणानं बोलता येईल. ओरडलीस तरी चालेल. हरेश भावजींना हे पत्र तूच वाचून दाखव, त्यांच्या आईबद्दल आहे. अकराच्या सुमारास बेल वाजवेन. दार उघडायचं की नाही, ते तुझ्यावर. नाही उघडलंस तर मी जिन्यात थोडा वेळ बसेन आणि परत जाईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन. माझी साप्ताहिक सुट्टी रविवारचीच असते.

थोरली जाऊ म्हणून सही करायचा हक्क मी तेवीस वर्षांपूर्वीच घालवला. तो तू परत दिलास तरच लिहीन. तोपर्यंत नुसतीच,

पुतळा