बर्थाची नवी ड्रायव्हर

मिशन, टेक्सस
मार्चची अखेर

प्रिय कर्स्टन,

अक्षरं एवढी मोठी बघून घाबरू नकोस. जाड मार्करने लिहिलं तरच माझं मला दिसतं, तेही मान तिरकी करून. सरळ बघितलं की मधोमध धुकं आणि कडेकडेने सगळं जग शाबूत, अशी माझ्या डोळ्यांची सध्या तऱ्हा आहे. त्यामुळे पानं बरीच लागतील आणि पाकीट जाडजूड दिसेल, पण आत वाईट काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस. लहानपणी गोष्टीच्या प्रत्येक पुस्तकाचं तू तेच करायचीस.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, डोळ्यांपायी माझं लायसन्स गेलं तेव्हा आपलं सगळ्यांचं ठरलं होतं की बर्था विकायची. चाळीस फुटी घरगाडी नुसती उभी करून तिच्यात राहायचं, म्हणजे घोडा खुंट्याला बांधून त्याच्यावर कपडे वाळत घालण्यातला प्रकार. आर्कान्सातल्या एका माणसाने फोटो बघूनच ती पसंत केली आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. त्याला होकार आईनेच कळवला. इथेच घरगाड्यांच्या या पार्कमध्ये दोन खोल्यांचं पक्कं घर बघून झालं, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथपर्यंत बोलणी आली. आणि मग एका रविवारी तुझा फोन झाला. मी बाहेर सॉसेज भाजत होतो. आई फोन ठेवून बाहेर आली, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाली, “ड्वेन, बर्था मी चालवणार.”

मला वाटलं, ऊन लागलं हिला. मी तिला खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं. तिने दोन्ही घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. तुला आठवत असेल, बर्था घेतली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस आणि कुठल्याही कॅम्पमध्ये शिरताना आमची ओळख नसल्यासारखी खाली सीटमध्ये घसरून बसायचीस. तेव्हापासून आजवर तुझ्या आईने ड्रायव्हरच्या सीटवर बूड टेकवलं नव्हतं. तिचं काम मागचं. मी गाडी मागे घ्यायला लागलो की ती खाली उतरायची आणि ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभी राहून हातवारे करायची. हळू, आणखी, उजवीकडे, बस. तिचा नियम एकच होता, तो तुलाही पाठ असेल: आरशात मी दिसले नाही तर तिथल्या तिथे थांबायचं. आजूबाजूची मंडळी फुकटचा खेळ बघायला घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेली असायची. गाडी जागेवर बसली की ते टाळ्या वाजवायचे, आणि मी खिडकीतून हात हलवून त्या स्वीकारायचो.

तर आईने ठरवलं खरं, पण साध्या मोटारीच्या लायसन्सवर बर्थाला हात लावता येत नाही. एवढ्या वजनाच्या घरगाडीला वेगळं लायसन्स लागतं. आधी लेखी परीक्षा, मग स्वतःची गाडी नेऊन, परीक्षक शेजारी बसवून रस्त्यावरची परीक्षा. जमलं तर बर्था आपली, नाही जमलं तर आर्कान्साची. मध्ये काही नाही. मी आईला म्हटलं, हे सगळं कशासाठी? कुठे जायचंय आपल्याला? तर म्हणाली, ते नंतर बघू. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चारशे पोरांना वर्षानुवर्षं जेवू घातलंय. तिथे ती असं म्हणाली की पोरंसुद्धा पुढे विचारायची नाहीत.

लेखी परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात काढली. नाश्त्याला ब्रेकच्या हवेचा दाब, जेवणाला वळणाचा वेग, असं चाललं होतं आमच्याकडे. खरी गंमत पुढे झाली. शिकाऊ माणसाशेजारी तसलं लायसन्स असलेलं कुणी तरी लागतं, आणि माझं तर गेलेलं. शेवटी शेजारच्या जागेतला युसेबिओ कामाला आला. तो शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, स्वभावाने थंड, बोलणं कमी. तो माझ्या बायकोशेजारी पुढे बसला आणि तीस वर्षं दुधाचा टँकर हाकलेला मी मागे सोफ्यावर, पोटाला पट्टा बांधून. मला पुढचं काही दिसत नव्हतं, पण तेवढ्याने मी गप्प बसणार थोडाच. टायरच्या आवाजावरून मी सूचना देत होतो. चर्चच्या रिकाम्या आवारात आम्ही सराव करायचो. तिथे पहिल्याच दिवशी तिने वळण घेतलं, पुढचं तोंड झकास फिरलं आणि शेपटीने उलट्या बाजूचा, शुक्रवारच्या मासे-जेवणाचा फलक साफ झाडून नेला. फादर बाहेर आले. युसेबिओने खाली उतरून फलक पुन्हा ठोकला. आई खिडकीतून म्हणाली की शुक्रवारी आम्ही तिघे जेवायला नक्की येऊ, आणि आम्ही गेलोही.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षक बाई उंच, काळ्या चष्म्याची, चेहऱ्यावरची रेघ हलू न देणारी. पहिल्याच उजव्या वळणावर मागचं चाक पदपथावर चढलं आणि बाईंनी तिथूनच परत फिरायला सांगितलं. मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. बर्था इतक्या लवकर परत आलेली ऐकली आणि कळायचं ते कळलं. घरी आल्यावर आई बराच वेळ ओटा पुसत राहिली. मी आपलं समजुतीने म्हटलं की मार्लिस, जाऊ दे, तू प्रयत्न केलास, पक्कं घरही काही वाईट नाही. त्यावर तिने फडकं पिळलं आणि म्हणाली की वळताना तिला रस्ता दिसतच नव्हता, मी गाडीत नसतानाही नुसता माझा सूचना देणारा आवाज कानात घुमत होता. पुढच्या गुरुवारची तारीख तिने तिथेच घेऊन ठेवली होती. आणि उद्यापासून मी गाडीत बसायचं नाही, असा हुकूम निघाला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, मग मी करू काय, बाहेर बसून मटार सोलू? ती म्हणाली, मागे उभं राहायचं. माझ्या जागेवर. मला वाटलं ती टोमणा मारतेय. माणसाचे डोळे गेले, लायसन्स गेलं, आता हेही ऐकून घ्यायचं. मी म्हटलं की मार्लिस, मला दिसत नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हा ती जवळ आली, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, “तुला दिसायची गरज नाही रे. मला तू दिसलास की पुरे.”

दुसऱ्या दिवशी तिने मला चर्चच्या आवारात हाताला धरून नेलं आणि एका जागी उभं केलं. इथून हलायचं नाही, म्हणाली. मग ती आणि युसेबिओ गाडीत चढले. बर्थाचं इंजिन मागे, हे मी इतकी वर्षं नुसतं सांगत आलो होतो. ते आपल्या अंगावर येतं तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मागे येतानाची ती पिपाणी वाजायला लागली. जमीन थरथरली, विजारीला गरम वारा लागला. डोळ्यांपुढच्या धुक्यात काहीतरी भलंमोठं पांढरं पसरायला लागलं. माझ्या पाचावर धारण बसली होती. पळावंसं वाटत होतं, पण पळालो असतो तर तिला आरशात दिसलो नसतो. म्हणून उभा राहिलो. ती थांबली तेव्हा मी हात पुढे केला, आणि तळवा बर्थाच्या तापलेल्या पत्र्याला लागला. कर्स्टन, मला तिथे रडू आलं. अठरा वर्षं ही बाई पावसात, चिखलात, वायोमिंगच्या त्या वाऱ्यात इथे उभी राहिली, आणि टाळ्या खिडकीतून मी घेत होतो. युसेबिओ उतरून आला. माझा चेहरा बघून त्याने खिशातला रुमाल दिला. तो वंगणाचा निघाला. घरी येईपर्यंत माझा अर्धा चेहरा काळा होता आणि आईने मुद्दाम सांगितलं नाही.

त्यानंतर रोज तेच. मी उभा, ती मागे येतेय. कधी डाव्या बाजूने, कधी खांबांच्या मधून. चौथ्या-पाचव्या दिवशी मला भीती वाटायची थांबली आणि मी आपले हातवारेही सुरू केले, तिच्यासारखे. ते सगळे चुकीचे असतात असं युसेबिओ म्हणतो. आईने एकदाही ते मानले नाहीत, पण करू नकोस असंही म्हणाली नाही.

आता गुरुवारचं ऐक. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण युसेबिओ आणि ती परीक्षक बाई दोघांच्याही तोंडून ऐकलंय. वळणं सगळी नीट झाली. पदपथाला तिने एवढी जागा सोडली की तिथे माणूस झोपला असता. शेवटी राहिलं मागे घेणं, दोन्ही बाजूंना नारिंगी शंकू ठेवलेले, त्यांच्यामध्ये. गाडीला ब्रेक लावून एकदा खाली उतरून बघायची मुभा असते. आईने ब्रेक लावला, उतरली, मागे गेली, डाव्या कोपऱ्याशी आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि दोन्ही हात वर करून हातवारे करायला लागली. हळू, आणखी, ये, ये. ड्रायव्हरच्या सीटवर कुणीही नाही. बाई शेजारच्या सीटवरून आरशात बघत होत्या. मग त्यांनी खिडकीची काच खाली केली, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “मॅडम, गाडी आपली आपण येणार आहे का?”

“अठरा वर्षं येत होती,” आई म्हणाली.

युसेबिओ शपथेवर सांगतो की बाई हसल्या, आणि तो कार्यालयाच्या कुंपणाबाहेर होता, तिथपर्यंत ते ऐकू आलं. आई परत वर चढली आणि चाळीस फुटांची बर्था एका दमात शंकूंच्या मध्ये नेऊन ठेवली. एकाही शंकूला वारासुद्धा लागला नाही. बाईंनी नंतर तिला विचारलं, पुढचं चालवायला एवढी बिचकता आणि मागे एवढ्या सफाईने कशा जाता? आईने काय उत्तर दिलं ते ती मला सांगत नाही. मी आता विचारतही नाही, कारण ते मला माहीत आहे.

लायसन्सवरच्या फोटोत ती नुकतीच कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसते. ते आता फ्रिजवर चुंबकाने लावलंय. संध्याकाळी आम्ही पार्कमध्ये शिरलो तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती. सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन आपापल्या दाराशी बसलेले. आईने मला कोपऱ्यावर उतरवलं, मी चाचपडत जाऊन मागे उभा राहिलो, आणि हिवाळा काढायला इथे येणाऱ्या सगळ्या मिनेसोटा-आयोवावाल्यांच्या देखत तिने बर्था जागेवर बसवली. टाळ्या वाजल्या. तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्याकडे बोट दाखवलं. युसेबिओने मक्याच्या पानात वाफवलेले पातेलंभर तमाले आणले, आईने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं तिचं ते हॉटडिश केलं, आणि कुणीही पथ्य पाळलं नाही. आर्कान्सातल्या माणसाला मीच फोन केला. आधी तो गुरगुरला, मग गाडी कोण चालवणार विचारलं. मी सांगितलं. पलीकडे त्याची बायको ऐकत होती, तिने फोन घेतला आणि आईशी तासभर बोलली. आता तिलाही शिकायचंय.

आणि आता हे सगळं तुला का लिहितोय ते. त्या रविवारी तू आईला म्हणालीस की पाळणा मी एकटीनेच जोडला, एकही स्क्रू उरला नाही म्हणजे बरोबरच जोडला असणार. आणि हसलीस. आईही हसली, फोन ठेवला, बाहेर आली आणि माझा चिमटा काढून घेतला. कशासाठी ते मला तिने लायसन्स हातात आल्यावरच सांगितलं: पोरगी एकटी आहे, आणि सांगत नाहीये. बाळाचा बाप, तो माणूस, तुला सोडून कधी गेला, का गेला, ते तुला वाटलं तर सांग. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, मार्कर लवकर संपतात. तू दोनदा म्हणालीस की येऊ नका, वरची खोली एवढीशी, जिना उभा, बाबांना कसं जमणार. सगळं खरं आहे. म्हणून आम्ही आमचं घर बरोबर घेऊन येतोय. तुझ्या घरमालकीणबाईंशी आईचं बोलणं झालंय, त्यांच्या खडीच्या अंगणात बर्था मावते. सोमवारी निघतो. आई सावकाश चालवेल, मी तिच्या शेजारी बसून शक्यतो गप्प राहीन, आणि बाळाच्या बरंच आधी मोंटानाला पोहोचू. तुला सांगू नको असं आईने बजावलंय, पण हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर आम्ही वाटेत असू, म्हणजे आता नको म्हणायला उशीर झालाय. तुझ्यासाठी काम एकच. अंगणात गाडी मागे घ्यायची वेळ आली की मी बाजूला होईन आणि तू खाली ये. हातवारे नीट नाही जमले तरी चालतील, रडू आलं तरी चालेल. फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात पोटासकट पुरती दिसशील अशी उभी राहा. आईला तू दिसलीस की पुरे.

तुझाच,
आता शेजारच्या सीटवर बसणारा,
बाबा