कुंदाच्या पोटातले निळे फोड

नागपूर, ता. ९ डिसेंबर १९७६

सौ. भागीरथास अनेक आशीर्वाद.

आपल्या कुंदाचं ऑपरेशन पार पडलं. आज तिनं पेज घेतली. धान कापून झालं का?

तिच्या अंगावर जन्मापासून निळे मऊ फोड आहेत, तसेच आतड्यातही निघाले. डॉक्टरांनीही हा आजार पहिल्यांदाच पाहिला. त्या फोडांतून इतकी वर्षं रक्त झिरपत होतं, म्हणून ती पांढरी पडायची, माती खायची. मोठे फोड काढले, लहान राहिले. पुढेही रक्त द्यावं लागेल. माझ्या आईला एवढं सांगू नको.

धानाच्या रोवणीत ती दमून बांधावर बसली, म्हणून मी तिला मारलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच म्हणाली, "बाबा, आता तं मले आळशी नाही म्हणनार ना?"

मला तिच्याकडे पाहवलं नाही.

तू जेवत जा.

चंद्रभान