तुमच्या खोलीतला उतार

मामा, काल तुमच्या खोलीत नवं मशीन बसवायला माणूस आला होता. हे मशीन धुतंही आणि वाळवतंही. ओला सदरा आत टाकला की घडी घालायच्या लायकीचा होऊन बाहेर येतो. तुम्ही असता तर समोर स्टूल टाकून दिवसभर बसला असतात आणि आतलं कापड कुठून कुठं जातं ते काचेतून बघत राहिला असतात. त्या माणसाने पिशवीतून बुडबुड्याची पट्टी काढली, फरशीवर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घर बांधलंय. "मॅडम, इथं कुनी बसवायला सांगितलं? ही खोली दाराकडं चांगली उतरलीय. मागची पडवी बघितली ना मी, तिथं फरशी कशी सरळ हाय." मी म्हटलं, पहिल्यापासून इथंच आहे. "मग नाचत असंल," तो म्हणाला. नाचायचं तर खरंच. तुम्ही पुढच्या दोन पायांखाली टायरचे तुकडे सारले होते, ते अजून फरशीला चिकटलेले आहेत. त्यानंतर दोन मशिनं आली आणि भंगारात गेली, पण जागा कुणी बदलली नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आम्ही तुमच्या शब्दावर उतारावरच कपडे धुतोय.

तो गेल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. तुम्हाला तो उतार दिसला नव्हता का?

नव्वदच्या दशकातली ती पहिली दोन वर्षं आठवतात मला. सोनईजवळच्या या घरात मी नवी सून, आणि चार मैलांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी बाई. घरात आठ माणसं. शेतातला चिखल आणि तुमच्या मुलाच्या अंगावरची साखर कारखान्याची मळी, हे सगळं पहाटे पाचला मागच्या दगडावर माझी वाट बघत असायचं. धुणं संपवून, स्वयंपाक उरकून मी धावत फाट्यावर जायची तेव्हा एसटीची नुसती धूळ दिसायची. मुख्याध्यापकांनी उशिराबद्दल आधी तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं. तो कागद मी लपवला होता, पण आत्याबाईंच्या हाती लागला. सासू म्हणून त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः तोच दगड तीस वर्षं झिजवला होता. जेवताना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दिवाळीपातूर बघू. न्हाई जमलं तर साळा सोड म्हनावं. घराला काय कमी हाय?" तुम्ही भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून ठेवला होतात. मला वाटलं, झालं, संपलं. डी.एड. करताना बाबांनी मला सायकल घेऊन दिली होती, ती आठवून मी चुलीपुढे रडले.

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणायला नगरला गेलात आणि टेम्पोतून वॉशिंग मशीन घेऊन आलात. स्टार्टर विसरलात. आत्याबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग विचारलं, "पन ठिवायचं कुठं?" सगळ्यांच्या मते मागच्या पडवीत. मोरीशेजारी, हौदाशेजारी. एवढी साधी गोष्ट. तुम्ही म्हणालात, "लेवल बघाया पायजे." पितळी परात आणवलीत, तिच्यात बोटभर पाणी ओतलंत, आणि घरभर ती परात फिरवलीत. पडवी, माजघर, स्वयंपाकघर. प्रत्येक ठिकाणी उकिडवे बसून, एक डोळा मिटून बघायचात आणि मान हलवायचात, "उतार हाय." शेवटी परात तुमच्या पुढच्या खोलीत आली, जिथे गावातली चार माणसं येऊन बसतात, पान खातात, तिथे. तुम्ही एक डोळा मिटलात. "हितं बराबर हाय."

मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होते. मी विज्ञान शिकवत होते, मामा. द्रवाचा पृष्ठभाग कसा राहतो हे मी त्याच महिन्यात पाचवीच्या पोरांना ग्लास तिरका करून दाखवलं होतं. दोन पावलं पुढे येऊन परातीत डोकावायला काय हरकत होती? पण सासरे बसलेत तिथे सुनेनं जायचं नाही, आणि तुम्हीही माझ्याशी थेट बोलायचा नाहीत. सगळं आत्याबाईंच्या मार्फत. "तिला म्हनावं." आपलं सगळं नातं त्या 'तिला म्हनावं'वर चाललं होतं.

पाण्याची नळी घालवायला तुम्ही पहारीने स्वतः भिंत फोडलीत. साबणाचं पाणी कढीपत्त्याला जायला लागलं. लाईट यायची दुपारी, मी शाळेत असताना. संध्याकाळी घरी यावं तर आठ माणसांचे कपडे धुऊन, पिळून, तारेवर. त्या मशीनच्या पिळायच्या भागाला आपण सगळे ड्रायर म्हणायचो, जसं काही कपडे त्यातून वाळूनच निघतात. पहिल्या रविवारी मी हौसेने बटणाला हात लावायला गेले, तर तुम्ही आढ्याकडे बघत म्हणालात, "मशीनला कुनी हात लावायचा न्हाई. बिघडंल." आढं काही मशीन चालवणार नव्हतं. मला कळलं कुणाला म्हणताय ते, आणि मला फार राग आला. मी शिकलेली बाई, आणि चौथीतून शाळा सोडलेले सासरे मला बटण दाबू देत नाहीत!

तो राग मी शिक्षकखोलीत काढला. आमच्याकडे मशीन बैठकीत मांडलंय, सासरे त्यापुढे पोथी ऐकल्यासारखे बसतात, असं सांगायची मी. आढ्याकडे बघून "बिघडंल" म्हणायची. तुमची नक्कल मला चांगली जमायची. लोक पोट धरून हसायचे. मग ती टोपीची गोष्ट झाली. तुम्ही माझी नवी लाल साडी सगळ्या पांढऱ्यात टाकलीत, आणि धोतरं, टोप्या, सगळं गुलाबी. आत्याबाई माझ्यावर ओरडायला तोंड उघडतात तोच तुम्ही म्हणालात, "म्या टाकली. तिचा काय दोष?" आणि तीच टोपी घालून सोनईच्या बाजारात गेलात. "कुठली निवडनूक जिकली, नाना?" लोकांनी विचारलं. "आन् धुनं म्हनं तुमीच धुता?" तुम्ही म्हणालात, "मला मशीनचा नाद हाय." नाद. तमाशाचा असतो, बैलांचा असतो, तसा. ही गोष्ट तुमच्या मुलाने घरी आल्यावर मला हसत हसत सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती मी शाळेत सांगितली.

दिवाळी आली आणि गेली. शाळा सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मला एकदाही उशीर झाला नव्हता.

माझे आतले कपडे मात्र मी तुमच्या ढिगात कधी टाकले नाहीत. ते मी आंघोळीच्या वेळी हातानेच धुवायची. पण एकदा गडबडीत परकर चादरींमध्ये गेला. शाळेत आठवलं मला. सासऱ्यांनी सुनेचा परकर अंगणात, साऱ्या गल्लीसमोर! संध्याकाळी जीव मुठीत धरून आले. तारेवर परकर नव्हता. घड्यांच्या चळतीत सोलापुरी चादर होती, जरा जाड. उलगडली तर आत परकर, नीट घडी घातलेला, नेफ्याशी अजून दमट. बायका आपले आतले कपडे दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात, हे पुरुषांना माहीत नसतं असं मी समजत होते. तुम्ही तो चादरीखाली वाळवला होतात. म्हणून तो दमट राहिला होता.

काल माणूस गेल्यावर मी नातवाच्या डब्यातली गोटी घेतली. पडवीत ठेवली. हलली नाही. माजघरात हलली नाही. स्वयंपाकघरात थोडा विचार करून थांबली. तुमच्या खोलीत ठेवली आणि ती अशी सुटली की उंबऱ्यावर टकरून अंगणात गेली. एवढा उतार, मामा! परातीतलं पाणी एका काठाला लागलं असेल. तो तुम्हाला दिसला नसेल हे शक्यच नाही. पडवीत मशीन आलं असतं तर ते बायकांचं झालं असतं, म्हणजे माझं. तुमच्या खोलीत ते तुमचं झालं. गावाने नाद म्हटलं आणि तुम्ही ते चालवून घेतलंत.

निवृत्त होताना मला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात मी बाबांचं नाव घेतलं, त्या सायकलचं सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार? मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत ठेवून देईन. नवं मशीन तुमच्याच खोलीत बसवलंय. तो माणूस कुरकुरला, पण पाय खालीवर करून दिले त्याने.

एवढं सगळं लिहिलं ते जणू मला कालच कळलं. तसं नाही. मला त्या परकराच्या संध्याकाळीच सगळं कळलं होतं, गोटीची गरज नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "बाई, ते मशीनवाल्या सासऱ्यांचं करून दाखवा ना." मी उठले, आढ्याकडे बघितलं, आणि करून दाखवलं.