कवडूला घाम येत नव्हता

आर्वी,
ता. ११ जून १९५५

तीर्थरूप भैयाजी मामांना सुलोचनाचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तुमची पंचफुला सासरहून चार दिवस येऊन गेली, बरी आहे, हे वाचून बरं वाटलं. इकडे अजून पाऊस नाही. यांचं कापसाचं जिन बंद झालं, आता घरीच आहेत. सासूबाई दोन घास घेतात आणि ताट सारतात. सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत असते, ती या वेळी सोडते.

कार्डात तुम्ही माझ्या बहिणीबद्दल लिहिलं आहे, 'कोकिळेले यातलं काही कळवू नको. तिले सातवा लागला आहे. बाळंतपण होऊ दे, मग पाहू.' त्याचं उत्तर द्यायला बसले आहे. मला लांब लिहिता येत नाही, तरी लिहिते.

माझ्या कवडूला तुम्ही फार वेळा पाहिलं नाही. जन्मला तेव्हा कातडी कोरडी, सुरकुतलेली, सालपटं निघत होती. नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी नाव कवडू ठेवलं. दीड वर्षाचा झाला तरी दात नव्हते, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, "येतीन वो, काही पोट्ट्याईले उशिरा येतात." आले ते दोनच, खिळ्यासारखे टोकदार. भाकर दुधात कुस्करून द्यावी लागे. डोक्यावर केस विरळ, भुवया नसल्यासारख्या, डोळ्यांखालची कातडी काळी आणि चुरगळलेली. चालायला उशीर, बोलायला उशीर. गल्लीतली मुलं त्याला म्हातारबा म्हणत. तो हसून ओ देई.

त्याच्या सदऱ्याला घामाचा वास कधी आला नाही. धुताना मी म्हणायचे, किती गुणाचं लेकरू, कपडे खराब करत नाही. उन्हाळ्यात तो रांजणाला पोट लावून बसे. सासूबाई ओरडत, "सर्दी होईन, ऊठ तिथून." तो म्हणे, "आजी, रांजण माहा दोस्त हाय."

पंचफुलेच्या लग्नाचं बोलावणं करायला तुम्ही स्वतः आलात. जाताना ओसरीत म्हणालात, "सुलोचना, लेकराले घरीच ठेवजो. ऊन लय आहे." तुम्ही गेल्यावर मी यांना म्हटलं, मामांना पोराची किती काळजी.

मी तळेगावला तुमच्या मांडवात होते तेव्हा इकडे त्याला अंगणात खेळता खेळता ताप भरला. तापाला आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंनी दार लावून घेतलं, काढा पाजला, गोधडी घातली. घाम फुटला की ताप उतरतो. त्या कपाळाला हात लावून बघत होत्या. घाम नाही, म्हणून दुसरी गोधडी. तरी नाही, म्हणून घोंगडी. तो म्हणत होता, "आजी, मले रांजणापाशी ने." हे त्यांनीच मला सांगितलं. रोज सांगतात. हे जिनवरून आले तोवर त्याचं बोलणं बंद झालं होतं. दिवेलागणीला गेला.

मी मोटारीतून उतरले तेव्हा माझ्या हातात बुंदी होती. मऊ असते म्हणून मामींकडून त्याच्यासाठी मागून घेतली होती.

दहाव्याला तुम्ही तुमच्या मावशीला, आनंदाबाई आजीला, घेऊन आलात. जत्रेत काढलेला कवडूचा फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "हा तं आपला श्रावणच हाय वो. त्याचेही असेच दात. तोही उन्हाळ्यातच गेला." तुम्ही म्हणालात, "मावशे, चूप राह्य."

श्रावण हा आईचा आणि तुमचा सगळ्यांत धाकटा भाऊ. मला तो होता हेच तेव्हा कळलं. आई असेपर्यंत तिच्या तोंडून कधी नाव ऐकलं नाही. मी दारात तुम्हाला विचारलं. तुम्ही चपला घालत होता. वर न पाहता म्हणालात, "सांगतलं असतं तं तुम्हा दोघी बहिणीले कोन करून नेलं असतं? आन् माह्या पंचफुलेले?"

म्हणजे उन्हाची काळजी नव्हती, मामा. व्याह्यांनी त्याला पाहू नये एवढंच होतं.

हे वर्ध्याला एका डॉक्टरांना विचारून आले. अशा मुलांना घाम येतच नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. ओलं फडकं आणि सावली एवढ्यावर ती मोठी होतात, शाळेत जातात. हे आईकडून मुलाला येतं, आईला स्वतःला फारसं काही जाणवत नाही. ज्या बापाला नाही, त्याच्याकडून लेकीला जात नाही. म्हणजे तुमच्या पंचफुलेच्या लग्नात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

गोधड्यांनीच ताप आणखी चढला, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना आम्ही ते सांगितलेलं नाही. आता मीही घरात एक गोष्ट लपवून वागते. ही विद्या तुमच्याकडची.

आई गेल्यावर तुम्ही आम्हाला वाढवलं. दोघींच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी उभे राहिलात. ते मी विसरलेले नाही. पण सासूबाईंच्या कानावर एक शब्द असता, तर त्यांनी त्याला रांजणापाशी बसू दिलं असतं.

हिंगणघाटला मी कालच लिहिलं. कोकिळेला नाही, तिच्या सासूबाईंच्या नावाने. लेकराला ताप आला तर त्या घरात गोधडी कोण घालणार ते मला कळतं. श्रावणचं नाव लिहिलं आहे, कवडूचंही. मुलगा झाला आणि त्याला घाम येत नसेल तर काय करायचं, ते सगळं लिहिलं आहे. त्या लोकांनी राग धरला, कोकिळेला टाकून बोलले, तर मी जाऊन तिला आर्वीला घेऊन येईन. आमचा रांजण आहे तिथेच आहे.

मामींना नमस्कार सांगा. या पत्राला उत्तर देऊ नये.

तुम्ही लग्नाला आणू न दिलेल्या कवडूची आई,
सुलोचना