डब्यातलं शून्य

सोमवार, ४

आधी आली ती शेजारीण. कुणाकडे कोण येणार हे तिला पाहुण्याच्या आधी कळतं! म्हणाली, "अहो, डासवाले येतायत, आवराआवर करा." मागोमाग तेच हजर – आरोग्य खात्याची ताई आणि तिच्याबरोबर एक जाड चष्मेवाला. चष्मेवाला आमच्या जिन्यातच ठेचकाळला. हा डास शोधणार! मला हसू आवरेना.

जिन्याखाली काळा डबा ठेवलाय. अर्धा पाण्याने भरलेला, आत खरखरीत कागदाची पट्टी. डास येऊन त्या पट्टीवर अंडी घालतात म्हणे. दर सोमवारी पट्टी बघणार, भिंगातून अंडी मोजणार. "आजी, तुम्ही हात लावायचा नाही हं," ताई म्हणाली. अख्ख्या गल्लीत एकच डबा – आणि तो आपल्याकडे! शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं.

ही वही चिमणीची. माझी नात, आठ वर्षांची. उरलेली पानं मला दिली. "आजी, लिहीत जा, नाहीतर आलेली चार अक्षरंपण विसरशील." आगाऊ!

सोमवार, ११

सकाळी डब्यात डोकावले. पट्टीवर काळे ठिपके, मिरपूड सांडल्यासारखे. ही अंडी? माझ्या घरात? जन्म गेला घासण्यापुसण्यात, आणि आता चार लोकांत नाक कापून घ्यायचं? पट्टी ब्रशने घासली, डबा विसळला, ताजं पाणी भरलं. पाहुणे यायच्या आधी केर काढत नाही का आपण? तसंच हे.

दहा वाजता ताई आली. भिंग लावून पाहिलं. "आजी, शून्य! घर कसं आरशासारखं ठेवलंय." चष्मेवाल्याने कागदावर लिहून घेतलं. मी अशी फुगले! चिमणी शाळेतून आल्यावर तिलाही सांगितलं. म्हणाली, "शून्य मिळालं आणि तू खूश? आमच्या बाई तर ओरडतात."

सोमवार, १८

परत घासली. ठिपके या खेपेला जास्त, बोटं दुखून आली. परत शून्य! ताई म्हणाली, "मग तुमच्या गल्लीत फवारणी नको. आमच्याकडे माणसं कमी, जिथे अंडी निघतात तिथेच पाठवतो." बरंच झालं. त्या धुराने पडदे आठवडाभर वास मारतात. शेजारणीला मुद्दाम ऐकवलं – आमच्या घरामुळे गल्लीची अब्रू राहिली!

सून म्हणाली, "आई, त्या डब्याचं कौतुक जरा अतीच चाललंय." चालू दे की. म्हातारीला दुसरं काय आहे?

गुरुवार, २१

चिमणीला ताप. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. "आजी, डोळ्यांना दात येतायत बहुतेक." तापातही हिचं तोंड काही गप्प बसत नाही!

शनिवार, २३

अंगावर लाल पुरळ. दवाखान्यात ठेवली. सून आत, मी बाहेर बाकावर. नर्स सारखी रक्त नेते. एवढ्याशा पोरीत असं किती असणार?

सोमवार, २५

पेशी उतरल्या. हिरड्यांतून रक्त येतंय.

डासाचाच ताप आहे हा. डॉक्टरने मुलाला विचारलं, "तुमच्याकडे फवारणी झाली होती का?" मुलगा म्हणाला, "नाही. आमच्याकडे डासच नाहीत असं म्हणाले. आमच्याच घरी डबा होता ना – त्यात शून्य आलं."

मी तिथेच होते. दोन हातांच्या अंतरावर. हातातली पिशवी तेवढी घट्ट धरली.

डब्याची माणसं आज येऊन गेली असतील. घराला कुलूप.

बुधवार, २७

चिमणी गेली. पहाटे.

शनिवार, ३०

जन्मल्यावर घरी आणली तेव्हा एवढीशी होती. नाक माझ्यावर गेलेलं. सगळे म्हणायचे, बिचारी! मी म्हणायचे, बिचारी काय, भाग्याची आहे!

सून भिंतीला डोकं टेकून बसते. "मीच तिला संध्याकाळी बागेत खेळायला पाठवलं. मीच पाठवलं." मुलगा समजावतो, "अगं, कुणाचीच चूक नाही. ज्याचं त्याचं नशीब." मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. हाच हात. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडते, म्हणते, "आई, तुम्ही आहात म्हणून मी आहे." आणि मी ऐकून घेते! एवढी कशी मी निगरगट्ट?

जेवण उतरत नाही. जिन्याखाली बघवत नाही.

रविवार, ३१

शेजारणीच्या धाकट्या नातीला कालपासून ताप. शेजारीण दारात आली, बसलीसुद्धा नाही. "हिचेही डोळे दुखतात हो," म्हणाली. माझ्याकडेच बघत होती – मला काही माहीत असल्यासारखी. तिला काय माहीत, मला खरंच माहीत आहे!

सोमवार, १

ताई आली. हात जोडून उभी राहिली. मीच बोलले. पट्टी मी घासत होते म्हणाले. दोन्ही सोमवारी. ठिपके होते, पुष्कळ होते. चष्मेवाल्याने चष्मा काढला. ताई मटकन जिन्यातच बसली.

मागे वळले तर सून दारात.

म्हणाली, "आई, परत सांगा."

परत सांगितलं.

फवारणीवाले गुरुवारी येतो म्हणाले.