पानांची पिशवी

प्रिय मोहना,

अक्षर माझ्या भजनातल्या मंदाचं, बोलणं तुझ्या आजीचं. मध्येच कुठे सभ्यपणा दिसला तर तो तिचा. फतेगंजला तिच्याकडे बसले आहे. तुझ्या बाबांना वाटतंय, म्हातारी गुडघ्याचं तेल आणायला गेली.

नवरात्रात येते आहेस म्हणे, न्यू जर्सीच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवून घ्यायला. आणि बंगळूरचं संशोधन सोडते आहेस. अगं, पूर्वी सुटीत आलीस की सांगायचीस, पानाच्या रसात खुणा असतात, त्या जुळवल्या की रोपाची आई कोण ते कळतं. तुटून तुकडे झालेल्या रानात या तुकड्यातलं झाड त्या तुकड्यातल्या झाडाशी सोयरीक करतं की नाही, तेही कळतं. मी म्हणायचे, आपल्या रावपुऱ्यात त्याला पान कशाला, एक शेजारीण पुरते. खो खो हसायचीस. गेल्या दिवाळीपासून फोनवर नुसतं 'बरी आहेस ना'.

कारण तू घरी ठेवलेली ती पिशवी. घाटातल्या झाडांची पानं, ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांबरोबर प्लास्टिकच्या पुड्यांत सुकवलेली. त्यातली काही झाडं नंतर तोडली गेली, ती पानं आता कुठून आणू, म्हणून रडलीस. आजीने निर्माल्य समजून विश्वामित्री नदीत सोडली, असं बाबांनी तुला सांगितलं. मी हात लावला नाही म्हणत राहिले, पण अंगठेबहाद्दर बाईचं कोण ऐकतं? तुलाही पटलं, ते फार लागलं. मला अक्षर कळत नाही गं, निर्माल्य कळतं. पुडीत बांधलेलं पान कुठल्या देवाला वाहतात, एवढं तरी विचारायचंस.

परवा स्थळाकडची माणसं आली. मी आत चहा गाळत होते. तुझे बाबा चिवड्याचा बकाणा भरून हसत सांगत होते, झाडांचं खूळ मीच स्कूटरवरून नदीत सोडून आलो, नाव आईचं सांगितलं. पाहुणे म्हणाले, सारुं कर्युं, बरं केलंत. तुझी आई बशा भरत राहिली. तिला ठाऊक होतं. तुझ्या बाबांचं, माझ्या मुकुंदाचं, हसणं थेट तुझ्या आजोबांचं. माझी पाटी चुलीत घातली तेव्हा तेही अस्सेच हसले होते.

म्हणून हे लिहून घेतलं. येऊ नकोस. तुला पाहायला जीव तुटतो, तरी येऊ नकोस. उरलेल्या झाडांकडे जा, नवी पानं आण, आणि या घरात ठेवू नकोस. आजी गेली, लगेच ये, असा फोन आला तर आधी मंदाला विचार. तुला बोलवायला ही माणसं मला जिवंतपणी मारतील. खरंच मेले असेन तर मंदा सांगेल. तेव्हाही घाई करू नकोस.

तुझीच,
आजी